ओली ताटी

माझ्या वॉर्डात माशीसुद्धा चप्पल बाहेर काढून येते, असं हॉस्पिटलात सगळे म्हणायचे. म्हणायचे ते अर्थात माझ्या पाठीमागे. मी संघप्रिया, चंद्रपुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर. नोकरीला एकतीस वर्षं झाली. मला खाष्ट म्हणा, कजाग म्हणा, मी ऐकून घेईन, पण गबाळी म्हणू नका. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते कुणा निष्काळजी बाईच्या हातून झालेलं नाही. ते माझ्या हातून झालं.

एप्रिलमध्ये आमच्या वॉर्डाच्या पाठीमागची जुनी ओपीडी पाडायला सुरुवात झाली. साठ वर्षांची कौलारू इमारत होती. तिच्या छताखाली प्लायवूड ठोकलेलं होतं, ते कित्येक पावसाळे भिजून फुगलेलं, आणि त्याच्यावर कबुतरांनी पिढ्यान्‌पिढ्या संसार केलेले. ते प्लायवूड खाली आलं त्या दिवशी दुपारी बाराला वॉर्डात संध्याकाळ झाल्यासारखं वाटलं. करड्या रंगाचा लोट आला आणि बराच वेळ तसाच लोंबकळत राहिला. त्याला वास होता, बंद कोठीत भिजलेलं धान राहावं तसा. नंतर रोजच तो वास यायला लागला. सकाळी पुसलेल्या ट्रेवर दुपारी बोटाने नाव लिहिता यायचं.

मी लेखी तक्रार दिली. मधे ताडपत्री बांधा, पाडताना पाणी मारा, नाहीतर माझे पेशंट दुसरीकडे हलवा. ट्रस्टचे सचिव गुणवंतराव यांनी मला बोलावून घेतलं. नव्या इमारतीचं उद्घाटन जूनच्या पहिल्या आठवड्यात ठरलेलं, पाहुणे ठरलेले, पत्रिकासुद्धा छापायला गेलेल्या.

"बाई, घरात बांधकाम काढलं की धूळ होतेच," ते म्हणाले. "महिनाभर कळ काढा. आणि असं कागदावर लिहून देत जाऊ नका. उद्या आपलंच नाव खराब होते."

ताडपत्री बांधली. एका बाजूने, आणि तीही फाटकी. मी तिथेच गप्प बसले.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात भाग्यश्री आली. वय एकोणीस, गाव चामोर्शीपासून आत, वडील मनसाराम तलावात आणि वैनगंगेत मासे धरणारे. पोरीला रक्ताचा कॅन्सर. उपचार नागपूरला चालू होते. तिसरा डोस झाल्यावर तिच्या पांढऱ्या पेशी तळाला गेल्या, नागपूरला खाट मिळेना, म्हणून तिथल्या डॉक्टरांनी दोन आठवडे देखरेखीसाठी आमच्याकडे पाठवली. आजार आटोक्यात आला होता. तिथल्या मॅडमनी फोनवर स्पष्ट सांगितलं, "पेशी वर येईपर्यंत तिला जंतूंपासून जपा, एवढंच काम आहे. एवढं निभलं तर पोरगी वाचते."

एवढं निभलं तर. मी ते वहीत लिहून ठेवलं होतं.

मी तिला वॉर्डाच्या टोकाची एकटी खोली दिली. खिडक्यांना आतून प्लास्टिक लावून चारही कडा चिकटपट्टीने बंद केल्या. मनसाराम मदतीला उभा राहिला. जाळं विणणारा माणूस, त्याच्या बोटांना कडा न् कोपरे बरोबर कळत. पोरगी खाटेवरून बघत होती. डोक्यावरचे केस गेलेले, पण पायांच्या पिंढऱ्या अजून घट्ट. पोलीस भरतीसाठी दोन वर्षं मार्कंड्याला नदीच्या वाळूत पळत होती ती.

"पांढऱ्या पेशी म्हंजे काय असते सिस्टर?" तिने विचारलं.

"अंगातले पोलीस समज."

ती खुदकन हसली. "पाहा बरं. मी भरतीची तयारी करून राह्यली, न् माह्याच अंगातले पोलीस सुट्टीवर गेले."

एकतीस वर्षांत मी पेशंटना नातं लावायचं नाही असा कानाला खडा लावलेला. पण ही पोरगी मला आवडली. तेही सांगून टाकते.

आल्यापासून चौथ्या दिवशी त्या खोलीचा एसी बंद पडला. दुष्काळात तेरावा महिना. बाहेर शेहेचाळीस, खोली चहूबाजूंनी बंद, आणि नागपूरचा मेकॅनिक म्हणे आठवड्याने येणार. ज्यांनी चंद्रपूरचा मे पाहिलेला नाही त्यांना सांगून कळणार नाही. इथे दुपारी भिंतीला पाठ टेकवत नाही कोणी. भाग्यश्री ओल्या फडक्याखाली पडून राहायची, ओठ सुकलेले, जेवण बंद.

"सिस्टर, जीव घाबरून राह्यला," ती म्हणायची. मनसाराम पुठ्ठ्याने वारा घालून घालून थकायचा.

आमच्याकडे उन्हाळा म्हणजे कूलर. होळी झाली की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात, पत्रा धुतला जातो, बाजूच्या जाळ्यांत लाकडी भुशाच्या नव्या ताट्या बसतात. पंप ताटीवर पाणी सोडतो, पंखा त्या ओल्या ताटीतून बाहेरची हवा ओढून आत फेकतो. त्या हवेवर आमच्या भागातली पोरं वाढली आहेत, बाळंतिणी उठल्या आहेत. आणि आम्ही सगळे एक गोष्ट लहानपणापासून धरून चालतो, की कूलरची हवा धुऊन येते. ओल्या ताटीत धूळ अडकते. मीही तेच धरून चालत होते. नर्सिंगच्या कुठल्या पुस्तकात ते नाही, पण खोटं आहे असंही कधी कोणी सांगितलं नव्हतं.

मी वॉर्डबॉय हरिदासला स्टोअरमधला कूलर काढायला सांगितला.

"ताट्या मागच्या सालच्या हायेत बाई," तो म्हणाला. "नव्या आनाव्या लागतीन. बजार आज बंद हाये."

"हालत कशी आहे?"

"थोडा वास येते. पानी सोडलं का जाते."

"बसव," मी म्हटलं.

माझ्याच हाताने मी एका खिडकीची चिकटपट्टी कापली, जी मीच लावली होती. ती खिडकी पाडापाडीच्या बाजूची. दुसऱ्या खिडकीबाहेर लगेच कुंपणाची भिंत, तिथे कूलर बसत नव्हता. आमचा तरुण डॉक्टर, निकेश, दारात उभा राहून जरा घुटमळला.

"सिस्टर, बाहेरची हवा आत येईल ना?"

"ओल्या ताटीतून गाळून येते, डॉक्टर. आणि ही पोरगी उकाड्याने गेली तर तुमच्या पेशी काय कामाच्या?"

तो माझ्या अर्ध्या वयाचा. माझ्यापुढे बोलायची त्याची प्राज्ञा नव्हती, आणि तसं मीच इतकी वर्षं करून ठेवलेलं होतं.

कूलर लागला. अर्ध्या तासात खोलीत गारवा आला. भाग्यश्री दोन दिवसांत पहिल्यांदा वरणभात जेवली. मनसारामने टाकीत पाणी भरायचं काम स्वतःकडे घेतलं. नळावरून बादल्या आणायचा, ताटीचा कुठला कोपरा कोरडा राहिला तर तळहाताने त्यावर पाणी मारायचा. संध्याकाळी टाकी रिकामी केली तर पाणी चहाच्या रंगाचं निघालं. मी निकेशला मुद्दाम बोलावून दाखवलं.

"पाहा डॉक्टर. एवढी धूळ तिच्या छातीत गेली असती."

आज ते वाक्य आठवलं की मला स्वतःच्या तोंडावर मारावंसं वाटतं.

कूलर लागल्यापासून सहाव्या दिवशी तिला ताप आला. कोरडा खोकला. पांढऱ्या पेशी अजून खालीच. निकेशने अँटिबायोटिक सुरू केलं, ताप हलला नाही. तिसऱ्या दिवशी एक्स-रे काढला, तर उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला गोल डाग.

"घरात कोणाला टीबी होता?" त्याने विचारलं.

मनसारामने मान खाली घातली. "मलेच होता साहेब. आठ साल झाले. सरकारी गोया खाल्ल्या, बरा झालो."

झालं, धागा जुळला. आमच्या जिल्ह्यात खोकला, ताप आणि फुप्फुसात डाग म्हणजे टीबी, हे शेंबडं पोरही सांगेल. बेडक्यात जंतू सापडले नाहीत, तरी टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. निकेशने नागपूरला तसं कळवलं. मनसाराम बाहेरच्या बाकावर बसून राहिला, आपल्याच छातीतला रोग पोरीला दिला म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी कूलरच्या एका बाजूने पाणी ओघळेना. हरिदास सुट्टीवर. मी स्वतः खिडकीबाहेरून बाजूची जाळी काढली आणि ताटी उचलून उलटी केली.

आतली बाजू ताटीची राहिलीच नव्हती. तिच्यावर करडी-हिरवी लव उगवली होती, मधे मधे काळी, सगळीकडे सारखी, कोणी निगुतीने पेरावी तशी. मी बोट लावलं तर त्यातून पूड उडाली. वारा नव्हता, तरी ती खाली पडेना. पंखा चालू होता. माझ्या डोळ्यांसमोर ती पूड वळली आणि जाळीतून आत गेली.

मी कोविडच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीच्या वॉर्डात दीड महिना काढलेला आहे. बुरशी काय करते ते मला कोणी शिकवायला नको. पाडलेल्या छतातली ओल, कबुतरांची घाण, मागच्या वर्षीची ताटी, रात्रंदिवस पाणी, आणि समोर एक अशी पोरगी जिच्या अंगात बुरशीला अडवायला कोणी नाही. टीबी नाही. हे मला तेव्हाच कळलं.

मी पंखा बंद केला. तिन्ही ताट्या काढून पोत्यात भरल्या, स्वयंपाकघराच्या मागे नेल्या आणि स्पिरिट ओतून जाळल्या. तिथल्या बाईने विचारलं, "काऊन जाळून राह्यले सिस्टर?"

"डास झाले होते," मी म्हटलं.

खिडकीला पुन्हा चिकटपट्टी लावली. त्याच दुपारी एसीचा मेकॅनिक आला, वरातीमागून घोडं. सगळे खूश झाले. कूलर गेला, एसी आला, कोणी काही विचारलं नाही.

आणि मी सांगितलं नाही. एक दिवस नाही, दोन दिवस नाही. चार दिवस.

का, ते मी स्वतःला हजारदा विचारलं आहे. तक्रार लिहून देणारी मीच, धुळीवरून सगळ्यांशी भांडणारी मीच, आणि धूळ पोरीच्या तोंडावर सोडणारीही मीच. गुणवंतरावांच्या हातात आयतं कोलीत मिळालं असतं. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. एवढी नावाजलेली सिस्टर, आणि निघाली अशी. हे सगळं होतंच. पण खरं सांगायचं तर मला आशा होती. कदाचित टीबीच असेल. मी देव मानत नाही, पूजा-नवस माझ्या घरात नाहीत, पण त्या चार दिवसांत टीबी असू दे, टीबी असू दे, असं मी कोणाला तरी विनवत होते. एखाद्या पोरीला टीबी व्हावा म्हणून विनवणारी नर्स तुम्ही पाहिली नसेल.

रोज सकाळी निकेश राउंडला यायचा. "टीबीच्या गोळ्यांना वेळ लागतो, सिस्टर. आठ-दहा दिवस तरी."

"हो डॉक्टर," मी म्हणायची.

भाग्यश्रीचा श्वास वाढत गेला. आधी बोलताना, मग जेवताना, मग नुसतं पडल्या पडल्या. बाहेर मशीन जुन्या भिंती पाडत होतं, प्रत्येक भिंत पडली की खाट हलल्यासारखी वाटायची. ती छातीवर हात ठेवून म्हणाली, "इथी कोनी सुई टोचून राह्यलं असं वाटते." मी तिचा हात बाजूला केला, उशी सारखी केली. तिच्याकडे पाहवेना म्हणून सलाइनच्या बाटलीकडे पाहत राहिले. सांगायचा होता एकच शब्द. तो माझ्या जिभेवर होता आणि मी गिळत होते.

पाचव्या दिवशी सकाळी खोकल्यातून रक्त पडलं. थोडंथोडकं नाही, ओंजळभर. मनसाराम "बाई, बाई" करत वॉर्डात धावत आला. मग मात्र मला राहवलं नाही. मी निकेशला दंडाला धरून बाजूला नेलं.

"डॉक्टर, टीबी सोडा. बुरशी बघा. कूलरच्या ताट्या जुन्या होत्या, आणि बाहेर ही पाडापाडी."

तो तडक फोनकडे गेला. नागपूरच्या मॅडम म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता घेऊन या.

अँब्युलन्समध्ये मी सोबत गेले. ऑक्सिजनचा मास्क, पायाशी मनसाराम. वरोरा मागे पडलं तसा भाग्यश्रीने मास्क जरा वर केला.

"सिस्टर, ठीक झाली का मी पुन्हा ग्राउंड मारीन ना?"

"मारशील," मी म्हटलं. "मास्क काढू नको."

"जिल्ह्याची भरती निघनार हाये म्हने."

"बोलू नको, बाळा."

नागपूरला तासाभरात स्कॅन झाला. मॅडमनी मला आत बोलावलं. पडद्यावर फुप्फुसात पांढरा गोळा आणि त्याभोवती धूसर कडं. मॅडम शांत आवाजात बोलत होत्या. धूळ ताटीत अडते, त्या म्हणाल्या, पण बुरशीचं बी इतकं बारीक असतं की ते अडत नाही, उलट ओल्या ताटीत रुजतं. निरोगी माणूस असं बी रोज श्वासात घेतो आणि त्याला काही होत नाही. हिला होणारच होतं. बांधकामाशेजारी असा पेशंट ठेवायचाच नसतो.

"औषध आहे याच्यावर," त्या म्हणाल्या. "लवकर सुरू झालं तर बरेच वाचतात. तुम्हाला बुरशीचा संशय केव्हा आला?"

खोलीत आम्ही दोघीच होतो. मी पडद्याकडे पाहिलं.

"आज सकाळी," मी म्हटलं.

त्यांनी ते लिहून घेतलं.

औषध सुरू झालं. मी त्याच गाडीने परत आले. रोज निकेशला विचारायची, तो फोन करून विचारायचा. एकदा म्हणाला ताप उतरला. मी त्या दिवशी जेवले. नंतर पुन्हा रक्त. मग व्हेंटिलेटर. नवव्या दिवशी निकेश ड्युटीरूममध्ये आला आणि म्हणाला, भाग्यश्री गेली. बाहेर नव्या इमारतीच्या दाराला झेंडूच्या माळा लावत होते. मी उठून वॉर्डातल्या प्रत्येक खिडकीला हात लावून पाहिला, बंद आहे ना. ते काम संपलं तेव्हा दुसरं काही सुचेना, म्हणून परत पहिल्या खिडकीपासून सुरुवात केली.

पंधरा दिवसांनी मनसाराम आला. दाखल केल्याचे कागद हवे होते, मृत्यूच्या दाखल्यासाठी. दाढी वाढलेली. वॉर्डाच्या दारात चप्पल काढली, सवयीने. माझ्या पायांकडे वाकायला लागला तशी मी दोन पावलं मागे सरकले.

"नागपूरच्या मॅडम म्हने, तुमीच बिमारी वयखली," तो म्हणाला. "लई केलं बाई तुमी माह्या पोरीसाठी."

मला ते सहन झालं नाही. मी त्याला ड्युटीरूममध्ये बसवलं, दार लोटलं.

"मनसारामभाऊ, तुमच्या टीबीचा काही संबंध नव्हता. ते मनातून काढून टाका. ती बुरशी कूलरमधून आली. जुन्या ताट्या होत्या. कूलर मी लावायला सांगितला. खिडकी मी उघडली. चूक माझी आहे."

बोलून झाल्यावर मला हलकं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप हलकं वाटलं. आता हा ओरडेल, शिव्या देईल, गुणवंतरावांकडे जाईल, आणि मी ते सगळं सोसेन असं मी ठरवलं होतं.

तो ओरडला नाही. त्याने आपले तळहात उलगडून पाहिले.

"कूलर तुमी लावला," तो म्हणाला. "पन पानी त मीच टाकत होतो ना, बाई. तुमी दोन टाइम सांगतलं, मी चारदा टाकलं. ताटी सुकू नाई म्हनून हातानं शिपत होतो. तिले थंडं लागलं पायजे म्हनून."

"भाऊ, तसं नाही..."

"ओली मीच ठेवली." त्याचा आवाज बसला होता. "गोकुळाले नोका सांगू. तिच्या मायले. टीबीच होता म्हना. टीबीचं थे समजून घेईन. हे कयलं त मले घरात नाई राहू देनार, न् मी त कुठी जाऊ?"

त्याच्या छातीवरचा तो धोंडा उचलायला मला एकच गोष्ट सांगायची होती. की भाऊ, पाण्याने नाही गेली तुमची पोरगी. बुरशी लागली तरी ती वाचली असती. मला माहीत असून मी चार दिवस गप्प बसले, त्या चार दिवसांत ती गेली. हे ऐकलं असतं तर तो ताठ उठून माझ्या थोबाडीत मारू शकला असता, आणि बायकोपुढे उभा राहू शकला असता. मी तोंड उघडलं. तो माझ्याकडे बघत होता, हात जोडून.

"नाही सांगत, भाऊ," मी म्हटलं.